अकरा पिशव्यांचा एकच तळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही कुणा पोस्टमनची पिशवी असावी. नाही. मी बुकीची पिशवी आहे. शर्यतीत लोकांचे पैजेचे पैसे घ्यायचे आणि जिंकणाऱ्याला चुकते करायचे, हा ज्याचा धंदा, त्या माणसाच्या पुढ्यात मी पन्नास वर्षे लटकले. जाड तपकिरी चामडे, पितळी तोंड आणि पोटावर सोनेरी अक्षरांत नाव: मलाकी स्कॅनल, किलब्रॅक. आता ते नाव पुसट झाले आहे. पुन्हा रंगवायला कुणी हात लावत नाही, आणि लावू नये असेच मलाही वाटते.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका खोगीर शिवणाऱ्याने मला घडवले. त्याचे बोलणे तिखट होते, पण टाके पक्के. मला मलाकीच्या हाती देताना तो म्हणाला, "तळ दुहेरी शिवलाय. बाकी काहीही फाटेल, हिचा तळ फाटायचा नाही." मला त्या वाक्याचा फार गर्व होता.

आमच्या किलब्रॅकला वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, पुळणीवर घोडे धावतात. बुकी एका रांगेत स्टुलांवर उभे राहतात आणि प्रत्येकापुढे त्याची पिशवी लटकते. जाणती माणसे फळ्यावरचे भाव नंतर बघत, आधी पिशवीवरचे नाव वाचत. म्हणून मलाकी दर वसंतात सोनेरी रंगाची डबी उघडायचा आणि जीभ दातांत धरून माझी अक्षरे गिरवायचा. डबी आणि बारीक ब्रश माझ्याच पोटात, आतल्या कप्प्यात राहायचे.

एका वर्षी अघटित झाले. ज्या घोड्यांवर अख्ख्या गावाने पैसे लावले होते, ते सगळेच्या सगळे जिंकले. देणी देता देता बुकींची पाचावर धारण बसली. बघता बघता दोन स्टुले रिकामी झाली, त्यांचे मालक गर्दीत पसार. मलाकी मात्र उभा होता. भरतीचे पाणी त्याच्या बुटांत शिरले, तरी तो देतच होता. रांगेत शेवटी उरला डोनल क्वर्क, दूधडेअरीचा टँकर चालवणारा, आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरी नोरीन. मलाकीने माझा तळ चाचपला. काही नव्हते.

"डोनल, पिशवी आटली रे. सोमवारी देतो."

"आणि सोमवारपर्यंत तुम्ही बोटीत बसून इंग्लंड गाठलंत तर?" नोरीन फटकन म्हणाली.

मलाकीने मला आकड्यावरून काढले आणि तिच्या गळ्यात घातले. "तोवर ही तुझ्याकडे. माझं नाव आहे हिच्यावर. हिच्याशिवाय मी कुठं जाणार?"

ते दोन दिवस मी नोरीनच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खुंटीवर काढले. तिने माझ्यावरचे खारे पाणी पुसले, मला तेल लावले. सोमवारी मलाकी चालत आला, कारण त्याने गाडी विकली होती. पैसे चुकते झाले. परत देताना नोरीनने माझ्या पोटात गरम सोडा ब्रेड ठेवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात श्रीमंत दिवस तोच.

पुढे दिवस फिरले. लोक फोनवर पैजा लावू लागले. मलाकी गेला. त्याची मुलगी ग्रॉन्या लोकरीचे आणि वर्तमानपत्रांचे छोटे दुकान चालवायची. तिने मला गल्ल्यामागच्या खिळ्यावर टांगले. तिथे वर्षानुवर्षे धूळ खात असताना एक दिवस चकचकीत बुटांची दोन माणसे आली.

"मॅडम, यंत्रणा आमची, नाव तुमचं," त्यांतला एक म्हणाला. "तुम्हाला काडी इकडची तिकडे करायला नको."

त्यांनी माझा फोटो काढला. महिन्याभरात 'स्कॅनल' नावाची पैजेची साइट सुरू झाली आणि तिच्या माथ्यावर मी! मी फुगून गेले, खोटे कशाला सांगू? अशाच आणखी दहा जुन्या घराण्यांची नावे त्यांनी घेतली होती, हे मला नंतर कळले. दुकान एकच, दारावर पाट्या अकरा. ग्रॉन्याला नावाचे भाडे मिळू लागले आणि त्यातून तिच्या दुकानाचे भाडे जाऊ लागले.

डोनल एव्हाना म्हातारा झाला होता. गेल्या शरदात नोरीन वारली. आमच्याकडे नव्या थडग्यावर लगेच दगड बसवत नाहीत. माती बसेपर्यंत, वर्षभर, लाकडी क्रॉसवर नाव लिहून ठेवतात. वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला दगड उभा करायचा, त्यावर तिचे नाव आणि खाली स्वतःसाठी मोकळी जागा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. दर शनिवारच्या लहानशा पैजांतून वर्षानुवर्षे जिंकलेले त्याने त्या दगडासाठी न मोडता ठेवले होते. कुठे? तर तीन साइटींवर.

तो दुधाच्या धंद्यातला माणूस, ताकही फुंकून पिणारा. पुळणीवरचा जुना रिवाज त्याने सोडला नव्हता: सगळे एका बुकीकडे ठेवायचे नाही. म्हणून एक स्कॅनल आणि दोन दुसऱ्या परगण्यांतली नावे. तिन्हींकडून त्याने थोडे थोडे पैसे मागवून पाहिले. दुसऱ्या दिवशी ते बिनबोभाट आले. त्याची खात्री पटली.

मग एका सकाळी तो दुकानात आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ग्रॉन्या, तुमच्या साइटवर मदतीला एक पोरगी आहे ना, फोटोतली? तीच मला बाकी दोन्हीकडे दिसली. इथं ती ऑर्ला, तिथं शोना, तिसरीकडे आणखी कुणीतरी. केस मात्र तिन्हीकडे तसेच उडालेले."

ग्रॉन्या हसली. "डोनलकाका, मागचं काम सगळ्यांचं एकाच ठिकाणी चालतं. आम्ही अकरा जण आहोत. तुमच्या टँकरसारखं समजा."

डोनल हसला नाही.

"चाळीस वर्षं टँकर चालवला मी, पोरी. प्रत्येक गोठ्यावर आधी नमुना काढायचा, मगच नळी लावायची. एकाचं दूध नासकं असलं की सगळ्यांचं ओतावं लागतं. आणि मी गाढवानं काय केलं? टाकी भरल्यावर तीन तोट्यांना तोंड लावलं आणि म्हटलं, तिन्ही गोठे चांगले!"

"किती मनाला लावून घेता! पैसे मिळाले ना तुम्हाला?"

"थोडे मागितले, थोडे मिळाले. सगळे ठेवतं कोण? तू?"

"मी कशी ठेवेन? ते लोक बघतात."

"ते म्हणजे कोण?"

ग्रॉन्या लोकरीचे गुंडे उगाच सरळ करत राहिली. ते कोण, हे मलाही ठाऊक नव्हते, पण पैशांचे काय चालले आहे ते ठाऊक होते. आठवड्यापूर्वी त्या अकरांतल्याच एका घरची बाई फोनवर रडली होती, आणि फोन स्पीकर लावून गल्ल्यावर ठेवलेला असल्याने मी प्रत्येक शब्द ऐकला होता. नावाचे भाडे दोन महिने थकले होते, मोठ्या रकमा मागणाऱ्यांना आज-उद्या चालले होते. "बोलू नकोस कुठे," ती बाई म्हणाली होती, "लोक धावत सुटले तर सगळेच बुडू." आणि ग्रॉन्याने मान डोलावली होती.

डोनलने माझ्याकडे बोट केले. "हिच्यावर हात ठेव आणि सांग. काढून घेऊ, की राहू देऊ?"

ग्रॉन्याने माझ्यावर हात ठेवला. "राहू द्या, काका. बाबांचं नाव आहे ते."

तिचा तळवा ओला होता. मी समुद्र प्यायलेली पिशवी, पण असली ओल मला कधी लागली नव्हती. तोंड पितळेचे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी मागितले असते तर त्याला पैसे मिळाले असते की नाही, देव जाणे. पण त्याने मागितले असते. माझ्या शब्दावर तो थांबला, आणि तो शब्द माझा नव्हता.

नवव्या दिवशी अकराही नावांखाली एकच सूचना झळकली. व्यवहार बंद. ऑर्लाही नाही आणि शोनाही नाही.

डोनल सोमवारी आला. ओरडला नाही. "आज सोमवार आहे," एवढेच म्हणाला.

ग्रॉन्या रडू लागली. तिने गल्ल्यातले होते नव्हते ते पाकिटात कोंबून त्याच्यापुढे धरले. त्याने पाकीट मागे सारले.

"मलाकीने गाडी विकली, ती त्याची होती. तुझं काय आहे इथं? खिळासुद्धा घरमालकाचा."

"काका, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं."

"ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी तुझ्या तोंडाकडे न बघता पिशवीकडे बघत बसलो."

मग त्याने माझे पितळी तोंड उघडले आणि हात घालून तळ चाचपला, अगदी त्या दिवशी मलाकीने चाचपला होता तसा. दुहेरी टाके जागच्या जागी होते. आतल्या कप्प्यात त्याच्या हाताला सोनेरी रंगाची डबी आणि ब्रश लागला. त्याने डबी कानाशी हलवून पाहिली.

"ही नेऊ?"

"कशाला?"

"नोरीनच्या क्रॉसवरची अक्षरं पावसानं गेली. गुरुवारी वर्ष भरतंय. दगड काही होत नाही आता." दारापर्यंत जाऊन तो वळला. "तुमच्या नावाला हा रंग पुन्हा लागायचा नाही, म्हणून विचारलं."

ग्रॉन्याने मला खिळ्यावरून काढले आणि परसातल्या कोठारात, रिकाम्या खोक्यांखाली ठेवले. तिथूनच मी हे बोलते आहे.

मित्रांनो, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण माझ्यावरून पडली नसेल, पण शोभते मलाच. उद्या कुणी तुम्हाला एखादे जुने, चांगले नाव दाखवले तर त्याच्या अक्षरांना भुलू नका. दोन नावे असोत की अकरा, त्यामागची पिशवी कुणाच्या हातात आहे ते विचारा, आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांत बघा. आणि ज्यांच्या घरी आई-बापाचे चांगले नाव शिल्लक आहे, त्यांनी ते भाड्याने देऊ नये. गावच्या दफनभूमीत घडीव दगडांच्या ओळीत एक लाकडी क्रॉस आहे. ग्रॉन्या परसात कुणाला तरी सांगत होती, त्यावरची अक्षरे सोनेरी आहेत, जरा वाकडी आहेत, आणि माझ्या पोटातला रंग मलाकीनंतर पहिल्यांदा खऱ्या नावाला लागला आहे, असे मला वाटते.