शुक्रवारची मोजणी

सरावलीहून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पायी चालणारी माणसे नऊ आणि सायकली दोन, असे सरकारने रीतसर मोजून जाहीर केले. आनंदा शेवाळेने तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर उभ्या उभ्या वाचला. त्या नऊ माणसांपैकी दोन तो स्वतःच होता. मटण आणायला गेला तेव्हा एक, आणि घेऊन परत आला तेव्हा दुसरा.

मोजणी झाली होती शुक्रवारी, सकाळी अकरा ते दुपारी एक. शुक्रवारी वसाहतीला साप्ताहिक सुट्टी. ज्यांची भट्टी थंड होऊन चालत नाही असे चार-दोन कारखाने सोडले, तर त्या दिवशी रस्त्यावर कुत्रीसुद्धा ऐसपैस आडवी होतात. बाकीचे सहा दिवस सकाळी साडेसहाला हजारभर माणसे तिथून जातात. हँडलला डबा लटकवून, टँकर आणि गटार यांच्यामध्ये जेवढी जागा उरेल तेवढीतून. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोजणारी संस्था बाहेरची होती.

योजना चांगली होती, हे आनंदा कबूल करी. चालणाऱ्यांसाठी पदपथ, सायकलींसाठी वेगळी पट्टी, आणि सगळा खर्च सरकारी अनुदानातून. अट एकच. रस्ता वापरात आहे हे आकड्याने सिद्ध झाले पाहिजे. दोन तासांत निदान तीनशे माणसे.

ही पट्टी आनंदाला हौसेपोटी नको होती. त्याची मुलगी ज्ञानेश्वरी पॅकिंग खात्यात लागून चार महिने झाले होते, आणि मागच्याच महिन्यात एका टँकरने तिला सायकलसकट गटारात घातले होते. मनगट मोडले. तिच्या आईने, रखमाबाईने, तिथल्या तिथे फैसला सुनावला होता. प्लास्टर निघेपर्यंत पट्टी मंजूर झाली तर पोरगी कामावर, नाहीतर घरी.

"हात होता म्हणून प्लास्टर घातलं," ती म्हणाली होती. "डोकं असतं तर काय घातलं असतं?"

आनंदा रजा टाकून पालघरला गेला. योजनेच्या कक्षात धीरज संखे नावाचे साहेब बसत.

"साहेब, शुक्रवारी सुट्टी असते आमाला."

"मोजणी कामाच्या दिवशीच झालीय. शुक्रवार हा शासनाचा कामाचा दिवस आहे."

"शासन चालत नाय ओ त्या रस्त्यानं."

साहेबांनी हे मनाला लावून घेतले नाही. उलट, शुक्रवारच्या सुट्टीचे लेखी मागून घेतले आणि फेरमोजणी दिली. तारीख पुन्हा शुक्रवारची. कारण बाकीचे दिवस संस्था दुसऱ्या जिल्ह्यांत मोजत असे.

"कुणालाबी शनिवारी सकाळी साडेसहाला पाठवा. पंधरा मिनिटांत तीनशे होतील."

"साडेसहाला कार्यालय उघडतं का, शेवाळे?"

मग आनंदा सरावलीत दारोदार फिरला. भिका त्याच्याच बॉयलर खात्यातला. डोंगराकडून येऊन इथे खोली घेऊन राहिलेला. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे सुट्टीचे दिशी कामावर जायाचा, आन् काम नाय करायचा?" तो म्हणाला. "हा तं साहेबाचा काम झाला!"

पण आला. सगळेच आले. कंपनीचे गणवेश चढवून, रिकामे डबे लटकवून, शुक्रवारी अकरा वाजता, बंद फाटकांकडे. मोजणीला बसलेली रूपल नावाची मुलगी बोट दुखेपर्यंत यंत्राचे बटण दाबत राहिली. आकडा झाला सातशे बेचाळीस.

"काका, रोज एवढे असतात?"

"रोज जास्त असतात, पोरी. आज काही गावाला गेलेत."

बारा दिवसांनी निकाल आला. आनंदाने तो साहेबांच्या टेबलासमोर वाचला. सदर दिवशी औद्योगिक वसाहतीस साप्ताहिक सुट्टी असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब त्या दिवशी कामावर जाताना आढळलेले ७४२ कामगार असंभाव्य ठरवून वगळण्यात येत आहेत. पूर्वीची मोजणी कायम.

"म्हंजे सुट्टी असते हे कळलं तुमाला."

"तुम्हीच लेखी दिलंत ना? आम्ही दखल घेतली."

"अवो, पण पहिली मोजणी पण शुक्रवारचीच हाय!"

"हो, पण तिच्यात असंभाव्य काही नाही. सुट्टीच्या दिवशी नऊच माणसं असणार."

आनंदाने चोवीस वर्षे बॉयलर सांभाळला होता. काटा लाल रेघेपुढे गेला की काय करायचे, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. स्वतःचा काटा गेला तर काय करायचे, ते कंपनीने शिकवले नव्हते.

"मग अनुदान गेलं कुठं?"

"इथेच आहे की. साहेबलोकांच्या निवासस्थानांमागे चालण्याचा मार्ग होतोय. तिथला आकडा फार सुंदर आला."

"किती वाजता मोजलं तिथं?"

"सकाळी सहाला. लोक त्याच वेळी फिरायला येतात ना."

"सहाला कार्यालय उघडलं व्हय?"

साहेबांना एकदम दुसरी फाईल आठवली.

शुक्रवारी प्लास्टर निघाले. शनिवारी पहाटे रखमाबाई चुलीपाशी न वळताच म्हणाली, "निकाल लागला. पोरगी घरी."

ज्ञानेश्वरी डबा भरत होती. "गटारात मी पडले, पाडलं टँकरनं. तो बसलाय का घरी, आई?"

रखमाबाईने आनंदाकडे पाहिले, आणि ते पाहणे चोवीस वर्षांच्या संसारातले सगळ्यात लांबलचक होते. आनंदाने चपला घातल्या.

रस्त्याला लागल्यावर त्याने मुलीला कडेच्या खडीवरून चांगल्या डांबरावर घेतले आणि स्वतः तिच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या मधोमध सायकल घातली. मागून येणाऱ्या भिकाने क्षणभर पाहिले आणि तोही गटाराची कड सोडून वर आला. मग त्याच्या मागचे आले. मग त्यांच्या मागचे.

टँकरने हॉर्न दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दाबून धरला, तरी पुढची एकही सायकल हलली नाही. शेवटी ड्रायव्हरने कमरेपर्यंत बाहेर येऊन आरोळी ठोकली, "ओ चाचा! साइड में चलो ना!"

"साइड मंजूर नहीं हुआ," आनंदा मागे न बघता म्हणाला, आणि आपल्या चालीने पेडल मारत राहिला.