अंगठ्याचा मणी

भर दुपारी तीनला ओव्हन गरम कसा, हा पहिला प्रश्न. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या का, हा दुसरा.

"काही नाही हो, पाव गरम केला जरा," बायको म्हणाली.

पावाला असा प्लॅस्टिकचा वास येत नाही, हे कुणीही सांगेल. आणि हा तर एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर कामगारांच्या पिशव्या तपासलेला माणूस! गल्लीत सगळे त्याला तपासनीसच म्हणत. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. फाटक सुटलं, पण नजर काही सुटली नाही, आणि आता घरात तपासायला एकच माणूस उरलं होतं.

पाणी कुठंतरी मुरत होतं. दर गुरुवारी ती 'जरा जाऊन येते' म्हणायची. नखांत निळं काहीतरी असायचं. परवा तर कानात निळी फुलं दिसली, त्याने कधीच न आणलेली. कुणी दिली?

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि त्याने स्वयंपाकघराचं खालचं फडताळ उपसलं. पिठाच्या डब्यामागे एक पत्र्याचा ट्रे सापडला. त्यात पातं, सुया आणि निळे मणी. खरा खडा आहे का बघावं म्हणून त्याने एक मणी चिमटीत दाबला. तो लोण्यासारखा दबला. त्याने घाईघाईने सगळं जागच्या जागी ठेवलं.

संध्याकाळी तिने चहाबरोबर तो ट्रेच समोर ठेवला. मणी आता कडक झाले होते.

"ही पॉलिमर क्ले. प्लॅस्टिकची माती म्हणा. भाजली की दगडासारखी होते. गुरुवारी दागिने करायला शिकते मी, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे."

"मग लपवायचं कशाला?"

तिने एक चपटा मणी वेगळा काढला. त्यावर अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता, आणि ठशावर आडवी चीर.

"अंगठा दाखवा."

फाटकाच्या अडसराने कापलेला अंगठा त्याने मुठीत लपवला. "उंदीर असेल."

"उंदराला अंगठा असतो?"

तो हसला. ती हसली नाही.

"फाटकावर तुमचं ते कामच होतं. पण घरात माझं एवढं एकच होतं हो, कुणी हात न लावलेलं."

तो खरोखर ओशाळला. "चुकलं माझं," म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

गुरुवारी ती निघाली, तेव्हा आपण बघत नाही हे तिला दिसावं म्हणून तो दाराशी पेपरात डोकं खुपसून बसला होता. ती त्याच्यासमोर थांबली. पिशवीची चेन उघडली आणि दोन्ही हातांनी पिशवी त्याच्या नाकाखाली धरली. चेहऱ्यावर राग नव्हता, आवाजही रोजचाच होता.

"बघा लवकर. उशीर होतोय मला."