चालत पोचणारा तज्ज्ञ

मी आंतरराष्ट्रीय व्यापाराचा तज्ज्ञ झालो, त्याचं कारण मी लालबागला राहतो.

लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत एका मराठी वृत्तवाहिनीचं ऑफिस आहे. माझी जुनी विद्यार्थिनी अनुजा तिथे चर्चेसाठी पाहुणे जमवायचं काम करते. एकदा कांद्याच्या निर्यातबंदीवर चर्चा ठेवलेली होती आणि खरे तज्ज्ञ सायनच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकले. अनुजाचा मला फोन आला.

"सर, तुम्ही कॉमर्स शिकवता ना? लगेच पोचाल का?"

मी एका नाइट कॉलेजात अकरावीला बुक-कीपिंग शिकवतो. कांद्याशी माझा संबंध पोह्यांपुरता. पण मी पोचलो, चालत. जाताना फोनवर दोन बातम्या वाचल्या, त्यातली एक अर्धीच, कारण मध्ये रस्ता ओलांडायचा होता. स्टुडिओत पडद्यावर माझ्या नावाखाली 'आंतरराष्ट्रीय व्यापार तज्ज्ञ' अशी पट्टी आली. ती पाहून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

मग मी नेहमीचाच झालो. गाडी पाठवावी लागत नाही, मानधन मागत नाही, चहा बरा नसला तरी पितो. असा तज्ज्ञ कुणाला नको असतो? घरी माझी बायको सीमा प्रत्येक वेळी विचारायची, "आज कशातला?" ती परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिच्याकडे रिपोर्ट आल्याशिवाय कुणी काही बोलत नाही, त्यामुळे माझा नवा धंदा तिला विचित्र वाटायचा.

संत्र्यांचा विषय निघाला तो ऐन आंबिया बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या आसपासच्या, तोडणीत. बांगलादेशाने संत्र्यांवरचं आयात शुल्क पुन्हा वाढवलं होतं. विदर्भातली पुष्कळ संत्री तिकडे जातात, एवढं मला चालता चालता कळलं. चर्चेत कुणी म्हणालं, आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्रं अडवलं. कुणी म्हणालं, त्यांच्याकडे डॉलरची चणचण आहे. मी दोन्ही म्हणालो.

शेवटी अँकरने माझ्याकडे वळून विचारलं, "नेरूरकर सर, थोडक्यात सांगा, शेतकऱ्याने काय करावं?"

समोर कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला माणूस जाहिरातींना पंधरा सेकंद उरल्याचं बोटांनी दाखवत होता. दोन पंजे, मग एक पंजा.

"शेतकऱ्याने घाबरून पडेल भावात माल देऊ नये," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत त्यांना हे शुल्क खाली आणावंच लागेल."

पंधरा कुठून आले, ते आता तुम्हाला कळलंच. मला मात्र त्या वेळी ते आतून आल्यासारखं वाटलं.

शुल्क खाली आलं नाही. मी तोवर दुसऱ्या दोन विषयांतला तज्ज्ञ होऊन गेलो होतो. मग एका सकाळी दाराची बेल वाजली, सीमाने दार उघडलं. बाहेर पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच माणूस उभा होता, हातात संत्र्यांची जड पिशवी.

"नेरूरकर सर इथंच राह्यते ना जी? मी अवधूत बोरकुटे. वरूडहून आलो. त्या चॅनेलच्या पोरीनं पत्ता देल्ला."

मी आतल्या खोलीतून बघत होतो. संत्र्यांची पिशवी पाहिली, वरूड हा शब्द ऐकला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. अंघोळ माझी आधीच झाली होती. सीमाने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बाथरूमच्या दारावर टकटक केली. "बाहेर ये. ते मारायला आलेले दिसत नाहीत."

खरंच ते मारायला आले नव्हते, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. अवधूतराव मला पाहून उठून उभे राहिले. त्यांनी फोनवर माझी ती क्लिप दाखवली. तिच्यावर कुणीतरी तिरंगा आणि ढोल-ताशे चढवले होते. वरूड-मोर्शीच्या सगळ्या ग्रुपांवर ती फिरली होती. अवधूतरावांच्या बागेला एका व्यापाऱ्याने भाव सांगितला होता, नेहमीपेक्षा बराच कमी. माझं ऐकून त्यांनी त्याला नाही म्हटलं. शुल्क तसंच राहिलं, व्यापारी दुसरीकडे गेला आणि फळ झाडाखाली गळायला लागलं.

"बरं," ते म्हणाले, "आता पुढची तारीख सांगा."

"कसली?"

"शुल्क कमी व्हायची. मांगची चुकली, चालते. हवामानवाल्याचीबी चुकते."

मी खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "त्याचं असं आहे, यात अनेक घटक असतात." आपण काय बोलतोय ते मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. परकीय चलनापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात सीमा चहा घेऊन आली.

"भाऊ, ह्याला काही माहीत नाही," ती म्हणाली. "हा बुक-कीपिंग शिकवतो. घर जवळ आहे म्हणून बोलावतात."

मला वाटलं, आता अवधूतराव उठतील. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "ते मलेबी वाटलंच होतं."

"मग थांबलात कशाला?" मी विचारलं.

"मले त्या भावात द्यायचंच नव्हतं. पण घरी नाही कसं म्हणू? बायको म्हणे देऊन टाका, भाऊ म्हणे देऊन टाका. तेवढ्यात तुमची क्लिप आली. मी म्हणलं, पाहा, टीव्हीवरचे मोठे सर काय म्हणून राह्यले." त्यांनी कप खाली ठेवला. "आता घरचे माह्याशी बोलत नाही. तुमी एकडाव माह्या बायकोशी, बकुळेशी बोला. सांगा, तुमीच म्हणलं होतं म्हणून."

म्हणजे ते इतक्या लांबून उत्तर मागायला नाही, साक्षीदार न्यायला आले होते.

व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे बकुळाबाई बागेतच उभ्या होत्या. त्यांच्या मागे झाडांखाली पिवळा सडा पडला होता. मी टीव्हीवर बोललो तेव्हा संत्री म्हणजे मला पडद्यावरचा आलेख होता. इथे ती मातीत लोळत होती, काही फुटलेली, काहींवर माश्या.

"भाऊ," बकुळाबाई म्हणाल्या, "तुमी म्हणलं म्हणून आमी थांबलो, असं हे सांगते. खरं हाये?"

अवधूतराव माझ्याकडे बघत होते.

"खरं आहे. मी म्हणालो होतो."

"कशावरून म्हणलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण बोटांचं कसं सांगणार. "चुकलं माझं," मी म्हणालो.

त्यांनी फोन झाडांकडे वळवला. "ह्यांचं चुकलं, तुमचं चुकलं. मंग आता झाडावर राह्यलं त्याचं काय करता?"

मी घटकांकडे वळणार, एवढ्यात मागून सीमा म्हणाली, "वहिनी, गाडी मिळत असेल तर माल पाठवा. आम्ही इथे खपवतो."

'आम्ही' म्हणजे कोण, हे मला रविवारी कळलं. अवधूतराव तोवर आमच्याकडेच राहिले. अवधूतरावांच्या भाच्याची गाडी वाशीला यायचीच होती, त्यातून क्रेट आले आणि आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी रचले गेले. सीमाने हॉस्पिटलच्या ग्रुपवर, माहेरी भायखळ्याला, सगळीकडे कळवलं होतं. मला तिने एका वजनकाट्यामागे उभं केलं, दुसऱ्यामागे अवधूतरावांना.

पहिल्याच बाईंनी विचारलं, "गोड आहेत का हो?"

"साधारणपणे या हंगामात," मी सुरू केलं. बाई सरळ अवधूतरावांकडे गेल्या. त्यांनी एक फळ सोलून फोड हातावर ठेवली, बाईंनी तीन किलो घेतली. दुपारपर्यंत माझ्याकडचं काम रिकामे क्रेट उचलण्याचं झालं होतं. एक गृहस्थ थांबून निरखून बघत म्हणाले, "तुम्ही टीव्हीवर येता ना?" मी मान ताठ केली. "मग संत्री का विकताय? चॅनेल बंद पडलं का?"

सगळा माल काही खपला नाही. लालबाग-परळ मिळून बांगलादेश होत नाही. उरलेला एका ज्यूसवाल्याने नेला.

त्या संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना अवधूतरावांनी फोनवर एक फोटो दाखवला. लुंगी नेसलेला, हसरा, दाढीवाला माणूस, मागे फळांच्या पेट्या. ढाक्याचा व्यापारी. कधीतरी गाडीबरोबर बांगलादेशच्या हद्दीपर्यंत गेले असताना ओळख झाली होती.

"भला माणूस. दरवर्षी शुल्क वाढते तसा याचाबी धंदा बसला. म्हणते, अवधूतभाई, पैले लोकं पाच किलो नेत. आता घरी कोणी बिमार पडलं त एक-दोन फळं नेते." त्यांनी फोन खिशात ठेवला. "याच्याशी माहं कायचं भांडण? त्याचंबी माह्याशी नाही."

हे मी कुठल्याही चर्चेत म्हणालो नव्हतो. मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अनुजाचा फोन आला, पुन्हा संत्रीच. मी म्हटलं, माझ्याऐवजी खरा बागाईतदार पाठवतो, घरीच आहे. उदार झाल्यासारखं वाटलं. अवधूतरावांना मी स्वतः तिथपर्यंत चालत सोडलं आणि वाटेत बजावलं, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा." घरी येऊन मी आणि सीमा टीव्हीसमोर बसलो.

सुरुवातीला ते फार छान बोलले. गळलेल्या फळांबद्दल बोलले, ढाक्याच्या मित्राबद्दलही. मग अँकरने विचारलं, "थोडक्यात सांगा, शुल्क कधी कमी होईल?"

अवधूतरावांनी क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं. दिवे, पट्टीवर आपलं नाव. मला तो क्षण चांगलाच ओळखीचा होता.

"होळीच्या आत," ते ठामपणे म्हणाले. "लिहून घ्या."

सीमाने कपाळाला हात लावला. मी मात्र, खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलो. रात्री परत आल्यावर अवधूतराव जेवताना मान वर करीनात. "कसं निंगालं तोंडातून काय माहीत," एवढंच म्हणाले. बकुळाबाईंचे तीन मिस्ड कॉल येऊन गेले होते.

होळी आली आणि गेली, शुल्क तिथेच राहिलं. वाहिनीचा मला आता फोन येत नाही. त्यांना वरूडचा माणूस व्हिडिओवर मिळतो, तो माझ्यापेक्षा बरा बोलतो आणि मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

परवा अवधूतरावांनी सहज म्हणून फोन केला. उरलेली बाग मागेच त्या व्यापाऱ्याने आधी सांगितलेल्याहून कमी भावात घेतली होती. आणि संत्रं परवडेना म्हणून नाल्याकडच्या दोन ओळी अवधूतरावांनी स्वतःच तोडल्या होत्या. चांगली फळ देणारी झाडं.

"बकुळा दोन दिवस तिकडं गेलीच नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "तिथे आता काय लावणार?"

"तुमीच सांगा जी."

आणि मी सांगायला लागलो. परदेशात ॲव्होकॅडोला मागणी कशी वाढते आहे इथपर्यंत आलो, तेव्हा सीमाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि विचारलं, "भाऊ, वहिनी आहेत का तिथे? द्या बघू त्यांना."