मनाशेच्या नावाचा मलिदा

टोरांटोत आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं इतकी थोडकी, की एकाने बोंबील भाजला तर सगळ्यांना वास. अशा ठिकाणी आमच्या नेहेम्याने न झालेला मुलगा खपवला. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. पण शहात्तर सालच्या टॅक्सच्या कागदावर त्याने ठोकून दिलं: मुलगा मनाशे, विनिपेगला कॉलेजात, खर्च माझ्यावर. सूट मिळाली. पुढच्या वर्षीही मिळाली. मग टॅक्स ऑफिसातून बोलावणं आलं: सोमवारी मुलाला घेऊन या.

"आता तुरुंगातून क्लेम करा," त्याची बायको एस्सी म्हणाली.

आणि तिने मलिदा घातला. आमच्या नवसाचं ताट: गोड पोहे, नारळ, खजूर. आम्ही सगळे जमलेलो. नवसाला पावणारा आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याला ती नवस बोलली, "आमच्या मनाशेला सुखरूप घरी आण."

मी नेहेम्याला हळूच म्हणालो, "अरे, जो माणूस खरोखर आहे, त्याच्यासाठी नवस बोलतात."

"गप रे. खजूर खा."

रविवारी बेल वाजली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दारापर्यंत पावलाची एक खूण नाही. सुटकेस घेऊन पोरगा उभा. नाक एस्सीचं, कपाळ नेहेम्याचं.

"हाय, पप्पा."

सोमवारी साहेबाची खात्री पटली. घरी आल्यावर नेहेम्या म्हणाला, "काम झालं बाबा. आता जिथून आलास तिथे जा."

"आय लिव्ह हिअर," पोरगा म्हणाला आणि नेहेम्याच्या खुर्चीत बसला.

"हाकलता कशाला?" एस्सीने त्याला भात वाढला. "आपलाच आहे."

पोरगा अंगाने भरू लागला, तसा नेहेम्या वाळू लागला. त्याचा कोट मनाशेला नीट बसायला लागला. पुढे त्याची नोकरीही मनाशेला बसली. नेहेम्याचं अंथरूण बेसमेंटात गेलं. फोनवर मला म्हणाला, "आरशात मी नीट दिसत नाही रे." मी हसलो. त्याला कुठे हसू येत होतं.

परवा गेलो, तर मनाशे टॅक्सचे कागद भरत बसलेला. मी वाकून पाहिलं. खर्च माझ्यावर: आई एस्सी. बस, एवढंच.

"आणि नेहेम्या?" मी विचारलं.

"हू इज दॅट, अंकल?"

मी एस्सीकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. "कोण नेहेम्या, भाऊजी?"

बेसमेंटाच्या जिन्यावर कुणीतरी चढत होतं. मनाशे उठला, शांतपणे कडी लावली, परत येऊन बसला.

तर मंडळी, रविवारी माझ्या घरी मलिदा आहे. नेहेम्याच्या नावाने. या सगळे. दारात कोण उभं राहील, ते मात्र मला विचारू नका.