बेसिनचं प्रेशर

घारसर हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं. तेहतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीशी उभं राहून पहिल्या बाकावरच्या बाहीतली चिठ्ठी हेरणाऱ्या माणसाला पोरं दुसरं काय म्हणणार? निवृत्तीच्या दिवशी त्यांनी किल्ल्या, छत्री आणि कपाट शाळेत जमा केलं. नाव तेवढं घरी आलं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना आजारापेक्षा अपमानच जास्त झोंबला.

त्यातून आजारही असा की दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नजर कडेकडेने कुरतडली जाते. मधली अक्षरं स्वच्छच दिसतात. सर जाहिरातींच्या तळाशी असलेल्या अटीसुद्धा वाचत. औषधाने मात्र डोळे चुरचुरत आणि लालभडक होत. पहिल्याच आठवड्यात शेजारचे वकील जिन्यात भेटले, सरांकडे बघून एक पायरी खाली सरकले आणि सभ्यपणे हुंगले.

त्या दिवसापासून सरांनी थेंब बंद केले. म्हणजे डोळ्यांत घालणं बंद केलं. बाटल्या दोन होत्या. रोज संध्याकाळी आठला बाथरूमची कडी लावून ते दोन्हींतले मोजून दोन-दोन थेंब बेसिनमध्ये सोडत, कारण बायको बाटली उजेडात धरून पातळी बघायची. तपासणी दर चार महिन्यांनी असे. तिच्याआधीचे पंधरा दिवस मात्र सर इमानेइतबारे थेंब डोळ्यांत घालत, सर्दीचं निमित्त करून घरात बसत, आणि प्रेशर चौदा येई. आदल्या आठवड्यात गाइड घोकून पास होणाऱ्यांचा त्यांनी जन्मभर उद्धार केला होता. पण ती पोरं होती.

आज दवाखान्यात आल्यापासून त्यांनी तीन खुर्च्या बदलल्या होत्या. महिन्याभरात घरच्या कपाटाचं उघडं दार दोनदा कपाळावर बसलं होतं, आणि दार तसं गरीब स्वभावाचं होतं.

"अहो, स्वस्थ बसा की," बायको म्हणाली. "खुर्चीत ढेकूण आहेत का?"

"वारा येत नाही इथे."

"पंख्याखाली बसलाय तुम्ही."

आज नजरेचा नकाशा काढायचा होता. यंत्रावरच्या बाईंनी सरांचा एक डोळा झाकला, हनुवटी टेकवली, हातात बटण दिलं. समोर पांढरी पोकळ वाटी. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दिवा दिसला, सरांनी दाबलं. पुन्हा दिसला, दाबलं. मग बराच वेळ काहीच दिसेना. यंत्र तर आतल्या आत कुरकुरत होतं, म्हणजे दिवे लागत असणारच. कुरकुर झाली की ते दाबू लागले.

"सर, थांबा," बाई म्हणाल्या. "दिवा नसताना अकरा वेळा दाबलंत. परत घ्यावं लागेल."

"यंत्राला कसं कळलं?"

"ते मधूनच नुसता आवाज करतं, दिवा लावतच नाही. अंदाजपंचे दाबणारे सापडतात."

एवढ्या गडबडीतही सरांना यंत्राबद्दल आदर वाटला. मग त्यांनी दोन्ही डोळ्यांची परीक्षा प्रामाणिकपणे दिली. कागद बाहेर आला. डाव्या डोळ्याच्या नकाशात नाकाच्या बाजूला काळा डाग पसरला होता. वर्षापूर्वी तिथे नखाएवढी सावली होती.

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा असे दोन्ही कागद शेजारी ठेवले. "प्रेशर चौदा. उत्तम. तरी नजर जातेय. सर, थेंब रोज घालता ना?"

"रोज," सर म्हणाले.

"एक दिवस चुकले नाहीत," बायको म्हणाली. "मी स्वतः बाटली बघते. चुकारपणा त्यांच्या रक्तातच नाही."

सर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागले.

"मग थेंब पुरत नाहीत, असंच म्हणायला हवं. ऑपरेशन करू. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला बारीक वाट करून देतो. धोका असतो थोडा. जंतू जाऊ शकतात, प्रेशर फार उतरू शकतं. पण आहे ती नजर वाचवायची तर मंगळवारी या." त्यांनी संमतीचा कागद पुढे केला.

बायकोने पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी पेन उजव्या हातातून डाव्यात घेतलं, परत उजव्यात घेतलं, मग खाली ठेवलं.

"डॉक्टर, हे चौदा माझे नाहीत."

"म्हणजे?"

"पंधरा दिवसांचे आहेत. बाकीचे साडेतीन महिने थेंब बेसिनला जातात. बेसिनचं प्रेशर उत्तम असणार."

बायकोने टोपण लावलं. बराच वेळ लावत होती.

"का, सर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डोळे लाल होतात. लोक हुंगतात."

"मग मला सांगायचं. औषध बदलता येतं. आपल्या मनाने बंद करायचं नसतं. गेली ती नजर आता येणार नाही, सर." त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. "आता माझ्यासमोर घालून दाखवा."

सरांनी पहिला थेंब गालावर घातला. दुसऱ्या वेळी बाटलीचं टोक पापणीला टेकलं.

"टोक लावायचं नाही, औषध खराब होतं. हात आधी धुवा. मान मागे, खालची पापणी ओढा. एकच थेंब. आता डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरी बाटली पाच मिनिटांनी, नाहीतर ती पहिलीला धुऊन काढते."

"आणि ऑपरेशन?"

"तूर्त थांबू. पण पुढची तारीख देणार नाही. कधीतरी सकाळी फोन येईल, दोन तासांत हजर व्हायचं. त्या दिवशी प्रेशर चढलेलं दिसलं तर मंगळवार ठरला."

रिक्षात बायको पार कडेला बसली. घरी कपबशी वाजली, तीही नेहमीपेक्षा हळू. आठला सर बाथरूमकडे निघाले तेव्हा ती दारात उभी होती.

"कडी लावायची नाही," ती म्हणाली. "आणि उद्या वकिलांना मी सांगते, काय आहे ते."

"त्यांना कशाला?"

"त्यांना सांगितलं की इमारतीत आणखी कुणाला सांगायची गरज नाही."

पुढचे दिवस सरांनी फोनच्या आसपास काढले. पेपरवाल्याचा फोन आला तरी उठून उभे राहत. संध्याकाळी कुणाकडे जेवायला गेले तर बाटल्या खिशात. नव्या औषधाने डोळे कमी लाल होत, चुरचुर होतीच. एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा बायकोने बॅटरी धरली आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी, दाढीला साबण लावलेला असताना, फोन वाजला. पलीकडून यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "सर, आज येताय ना?"

सर अर्धी दाढी करूनच निघाले. जिन्यात बायको त्यांच्या डाव्या बाजूला आली आणि दंडाला धरून उतरू लागली.

"किती येईल?" सरांनी विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "पायरीकडे बघा."