तेलाजवळची जागा

मॅच असली की आमच्या घरात समोरच्या टीमचं शहर खायचं, असा नियम आहे. शिकागो आलं की खसखस लावलेल्या पावात सॉसेज, वर टोमॅटो, काकडीचं लोणचं आणि मिरच्या, आणि केचपचं नाव काढायचं नाही. फिलाडेल्फिया आलं की पातळ कापलेलं मांस आणि वितळलेलं चीज भरलेला लांब पाव. सिनसिनाटी आलं की स्पॅगेटीवर दालचिनी घातलेला खिमा. हा पदार्थ कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. प्रत्येक इनिंगला प्रत्येकाच्या पोटात एक तरी गरम घास गेलाच पाहिजे, म्हणजे नवव्या इनिंगपर्यंत ते शहर आपण खाऊन टाकलेलं असतं. ही प्रथा माझ्या सासऱ्यांनी सुरू केली. त्यांनी स्वतः जन्मात कधी कांदा चिरला नव्हता.

मी रमोना पिस्कोर्स्की. मिलवॉकीच्या दक्षिण भागात एकतीस वर्षं याच घरात राहते आणि बेसबॉलमधलं मला या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या वडिलांनी मला सातव्या वर्षी मॅचची नोंदवही लिहायला शिकवली होती. कोण कसा बाद झाला, चेंडू कुठून कुठे गेला, सगळं चौकोनात खुणांनी लिहायचं. अजूनही मी लिहिते. फरक एवढाच, की लग्नानंतर मोठ्या मॅचना मी ती भिंतीपलीकडचे आवाज ऐकून लिहिते. माझा दीर ड्वेन 'हा' म्हणून दम सोडतो तेव्हा आमचा फलंदाज बाद झालेला असतो. नवरा, लेन, मांडीवर थाप मारतो तेव्हा कुणीतरी बेसवर पोचलेला असतो. रात्री बातम्यांत ताळा करून बघते, दोन-चार चौकोनच चुकलेले निघतात.

कारण त्या मॅचना मी टीव्हीसमोर बसायचं नाही.

हे असं झालं. लग्नाला सहा महिने झाले होते, ऑक्टोबर होता. आम्ही तीन धावांनी मागे होतो आणि सोफ्यावर मी लेनच्या शेजारी होते. सासूबाईंनी ओव्हनमधलं बघून ये म्हणून सांगितलं. मी उठले आणि मी आत असताना आमच्या टीमने चार धावा काढल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय. पण पुढच्या मॅचला आम्ही मागे पडलो तेव्हा ड्वेन डोळे मिचकावत म्हणाला, "रमोना, ओव्हनमधलं बघ ना जरा." सगळे हसले, मीही हसले. गेले. आणि बाहेर आरडाओरडा झाला. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. एकदा मी स्वयंपाकघरात छोटा रेडिओ लावून पाहिला, ती मॅच आम्ही हरलो, मग रेडिओही गेला. ड्वेनची बायको आर्लीन मात्र सोफ्याच्या मधोमध बसते. तिला आजतागायत माहीत नाही की पिचर आपला की त्यांचा. ती स्वेटर विणते. पण ती बसलेली असताना आम्ही एकदा मोठी मॅच जिंकलो, त्यामुळे तिची जागा पक्की.

लेन वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं. बर्फ पडला की तो आधी माझी गाडी उकरून काढतो, मग स्वतःची. जूनमध्ये मी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले, सत्तावीस वर्षं चारशे पोरांना जेवू घालून, तेव्हा घरी केक कापताना सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, यंदा मोठ्या मॅचसुद्धा रमोना आपल्यात बसून बघणार. मी ते मनात जपून ठेवलं. एप्रिल ते सप्टेंबरच्या साध्या मॅचना मी बसतेच, त्यांना कुणी मोजत नाही. मोजतात त्या ऑक्टोबरच्या, बाद फेरीच्या. आणि एकतीस वर्षांत मी ऑक्टोबरमधली एकही जीत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

यंदा आमची टीम ऑक्टोबरमध्ये पोचली. सेंट लुईसविरुद्ध पाच मॅचची लढत, दोन त्यांनी जिंकल्या, दोन आम्ही. पाचवी आमच्याच मैदानावर, दुपारी तीन वाजता. हरणारा घरी जाणार.

सकाळी कॉफी पिताना मी लेनला म्हटलं, आज मी बसणार. वर्तमानपत्रातून मान वर न काढता तो म्हणाला, आजच कशाला, पुढच्या फेरीत बस, आजची जाऊ दे. मी म्हटलं, पुढची फेरी आली तर तू हेच म्हणशील. यावर तो हळूच म्हणाला, "आणि हरलो तर? तुलाच वाईट वाटेल गं."

खरी गोम तिथेच होती. मला खरंच वाईट वाटलं असतं. चारशे पोरांचं जेवण वेळेवर काढणारी मी शहाणी बाई, आणि मनातल्या मनात मलाही वाटायचं, असेलच काही तर? दाराला कडी बाहेरून नव्हती. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं, म्हणून तर सुटता येत नव्हतं. मी रॅव्हिओली करायला घेतली.

सेंट लुईसचे लोक तिला भाजलेली रॅव्हिओली म्हणतात आणि तळतात. खिमा भरलेले चौकोन, पावाच्या चुऱ्यात घोळवायचे, तेलात सोडायचे, वर किसलेलं चीज, बाजूला टोमॅटोचा सॉस. गार झाली की तिचं चामडं होतं, म्हणून इनिंगला एक घाणा. मी नऊ घाण्यांची मोजून तयारी केली होती. तीन वाजल्यापासून भिंतीशी कान लावून तळत होते आणि पिठाच्या बोटांनी वहीत खुणा करत होते. पाचव्या इनिंगपर्यंत आम्ही एका धावेने पुढे होतो. सहावीत ड्वेनने इतका लांब दम सोडला की मी त्यांच्या दोन धावा लिहिल्या. दोनच होत्या.

आठव्या इनिंगचा घाणा घेऊन बाहेर गेले तेव्हा आम्ही चार-तीन मागे होतो. ताटली टीपॉयवर ठेवली आणि पडद्याकडे नजर गेली. आमची दोन माणसं बेसवर होती. मी दाराच्या चौकटीत थांबले. पाऊल आत नाही, बाहेर नाही, असं. पिचरने चेंडू टाकला, आमच्या फलंदाजाने बॅट फिरवली, चुकली, बाद.

ड्वेनने मान वळवली. "रमोना, तेल."

मी लेनकडे पाहिलं. तो पडद्यावरून नजर न हलवता बसला होता आणि त्याने फक्त पंजा वर केला, माझ्या दिशेने. रस्त्यात आडवं आलेल्या कुत्र्याला थांब म्हणावं, तसा. आर्लीनने सुईवरचे टाके मोजले.

मी आत आले. गॅस बंद केला. एप्रन काढला नाही, तशीच मागच्या दाराने बाहेर पडले आणि अंगण ओलांडून शेजारच्या मिसेस हॉप्ट यांच्या पायऱ्या चढले.

मिसेस हॉप्ट ब्याऐंशीच्या. ऐकू कमी येतं, गुडघे गेलेले, एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर टीव्ही चालू असतो, आवाज बंद, घरात कोणीतरी हलतंय असं वाटावं म्हणून. मॅचच लागली होती. मी दारात उभी राहिले. वाटलं, परत जावं. आम्ही हरलो तर ते माझ्यामुळेच, आणि ते कुणाला कळणारसुद्धा नाही, मलाच जन्मभर ठाऊक राहील. हे जास्त वाईट होतं.

"पिठात लोळून आलीस की काय?" मिसेस हॉप्ट म्हणाल्या. "बस. ती खुर्ची घे, गादीची."

मी म्हटलं, तुम्ही बसा, मी उभी राहते. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही. त्या सिंकशी टेकून सफरचंदं सोलत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या एकुलत्या एक चांगल्या खुर्चीत मी बसले.

नववी, शेवटची इनिंग. त्यांची पाळी कोरी गेली, मग आमची. पहिला बाद. दुसरा चार वाईट चेंडूंवर फुकटात पहिल्या बेसवर. तिसरा बाद. चौथ्याने चेंडू डावीकडे जेमतेम मारला, आता पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमची माणसं. दोन बाद, एका धावेने मागे, आणखी एक बाद झाला की सगळं संपलं. आवाज नसल्यामुळे सगळं फार हळू चालल्यासारखं वाटत होतं. आमचा आठव्या नंबरचा पोरगा, ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती, तो टोपी ठीक करून उभा राहिला. दोन चेंडू त्याने सोडले. तिसरा त्याने मारला.

तो चेंडू उजवीकडे दोन खेळाडूंच्या मधून गेला आणि भिंतीपर्यंत घरंगळला. पहिला माणूस आला. बरोबरी. दुसरा तिसऱ्या बेसला वळला, चेंडू परत येत होता, आणि त्याने स्वतःला मातीत झोकून दिलं, आणि हात चेंडूच्या आधी शेवटच्या बेसला पोचला. मी ते पाहिलं. त्याची बोटं, उडालेली माती, पंचाचे बाजूला फाकलेले हात.

मिसेस हॉप्टचा टीव्ही छपरावरच्या अँटेनाचा आहे, आमचा केबलचा. त्यांच्याकडे सगळं काही सेकंद आधी घडतं. मी पाहून झाल्यावर, एक श्वास घेऊन सोडल्यावर, अंगणापलीकडून माझ्या घरातला ओरडा ऐकू आला. जन्मात पहिल्यांदा मला त्यांच्या आधी कळलं होतं. मी रडायला लागले. आनंदाने, हे खरं. पण रडता रडता लक्षात आलं की मी बघत असतानाही ते जिंकू शकतात. मग ती एकतीस वर्षं कशाची होती? तेव्हा आनंद कुठे संपला आणि दुसरं काय सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही.

मागच्या दाराने घरात शिरले तेव्हा ते सगळे बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात घुसत होते. ड्वेनने मला उचललंच. लेन माझे पिठाचे हात धरून म्हणाला, "तू केलंस हे, रमोना. तूच." त्याचे डोळे भरून आले होते.

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण मला ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं.

"मी इथे नव्हते," मी म्हटलं.

कुणाला कळेना. मी गॅसकडे बोट दाखवलं. तेल गार पडून वर साय धरल्यासारखं दिसत होतं. मी सांगितलं, आठव्या इनिंगनंतर मी मिसेस हॉप्टकडे होते, नववी इनिंग पूर्ण पाहिली, प्रत्येक चेंडू पाहिला, डोळ्यांनी. मी बघत होते आणि आपण जिंकलो. माझा आवाज चढला होता. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही मला इथे उभं केलंत आणि त्याचा मॅचशी काही म्हणजे काही संबंध नव्हता.

ड्वेनने माझा खांदा सोडला. आर्लीन पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होती. लेन खाली फरशीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला होता आणि मला वाटलं, कळलं याला. आता हा माफी मागेल आणि मी लगेच माफ करणार नाही, थोडं ताणीन, असंही मी ठरवून टाकलं.

त्याने मान वर केली.

"कुठल्या खुर्चीत बसली होतीस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पाच मिनिटांत त्यांचं सगळं ठरलं. ड्वेन म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं आपण अर्धंच बरोबर करत होतो, रमोना घरातच नको होती. लेनने विचारलं, मिसेस हॉप्टना चालेल ना, मी बोलू का त्यांच्याशी? पुढची फेरी फिलाडेल्फियाशी. ते पाव आधी करून फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवता येतात, आर्लीन काढून देईल. आर्लीनने मान डोलावली. आणि लेन अगदी मायेने म्हणाला, "कोट घालून जात जा गं. अंगणात गारठा असतो."

मी भांडले. त्या रात्री जेवले नाही, दोन दिवस लेनशी बोलले नाही. शुक्रवारी त्याला स्पष्ट सांगितलं की शनिवारी मी सोफ्यावर बसणार आणि कुणी पंजा वर केला तर तो पंजा मी ओव्हनमध्ये घालीन. तो म्हणाला, ठीक आहे. त्याने सोफ्यावर माझ्यासाठी जागासुद्धा केली, आर्लीनला सरकवून. शनिवारी पहिल्या इनिंगला मी तिथे बसले. ऑक्टोबरमध्ये, एकतीस वर्षांनी, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. फिलाडेल्फियाने दोन धावा काढल्या. ड्वेननेसुद्धा मान वळवली नाही. लेनने तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या इनिंगला त्यांनी आणखी एक काढली.

मीच उठले. कोट घेतला, मागच्या दाराने गेले. कुणीही सांगितलं नव्हतं.

मिसेस हॉप्ट गादीच्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होत्या. मी त्यांना हाताला धरून उठवलं, सिंकपाशी नेलं, हातात एक सफरचंद आणि सुरी दिली आणि खुर्चीत बसले. आमच्या टीमने एक धाव काढली. मग आणखी एक. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अगं, माझे गुडघे फार दुखायला लागलेत. बसू का मी जरा?"

मी पडद्यावरून नजर काढली नाही.

"थांबा हो मिसेस हॉप्ट," मी म्हटलं. "एवढी इनिंग होऊ द्या."