काचेचं दुसरं टोक

आमच्या बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे सगळ्यांचा दादा, गल्ल्यावर बसला की दुकानाची रयाच जाते. आम्ही दोघं खिडक्यांच्या काचा बसवतो. मोठी काच एकट्याला उचलत नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, अशी आमची उभी हयात गेली. त्यातच त्याने मला हेरलं आणि बहीण गळ्यात बांधली. माझी तक्रार नाही. असती तरी ऐकणार कोण?

मग दादा जिन्यावर घसरला. शहाणा माणूस काच सोडून कठडा धरतो. याने काच सोडली नाही, म्हणून खांदा मोडला. काचेला साधा ओरखडा नाही! ऑपरेशन झालं, गळ्यातली झोळी निघाली, आणि मालकांनी त्याला गल्ल्यावर बसवलं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही, अशी तंबीच दिली. मालक वाईट नाहीत हो. पण दादा दिवसभर तिथे स्क्रू निवडत बसायचा आणि कोणी ‘कसा आहेस’ विचारलं की ‘मजेत’ म्हणायचा. डबा तसाच परत जायचा. एवढा उदास ‘मजेत’ मी जन्मात ऐकला नव्हता.

शेवटी तपासणीचा दिवस ठरला. कामगारांना तपासणारी डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या पुतणीच्या वयाची. तिने दवाखान्यात त्याचा हात वर करून पाहिला, मागे वळवून पाहिला, दाबून पाहिला.

“इथे तर छान हलतोय,” ती म्हणाली, “पण इथे काच कुठेय? मला तुम्हाला काम करताना बघायचंय.”

आणि खरंच दुकानात आली. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या टोकाला मी असल्यावर दादा नापास होतोय कशाला!

मागच्या अंगणात आम्ही एक मोठी काच धरली. “उचल,” दादा म्हणाला. उचलली. चाललो. पलीकडच्या लाकडी घोडीवर अलगद टेकवली. डॉक्टरीणबाई खूश दिसली. मी तर मनातल्या मनात पेढे वाटायलाही लागलो होतो.

“जावईबापू,” दादा म्हणाला.

झालं! दादा मला एरवी अरे-तुरे करतो. जावईबापू म्हणाला की समजायचं, पारा चढलाय.

“जरा हात बघा तुमचे कुठे आहेत.”

“कुठे म्हणजे? जागेवर आहेत!”

मी खाली पाहिलं. हात कडेला नव्हतेच. पार काचेच्या मध्याकडे सरकले होते. जो मध्याकडे सरकतो, भार त्याच्याकडे जातो. देवाशप्पथ सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो दमला की हात आपोआप सरकायचे, आणि मी दमलो की त्याचे.

“डॉक्टर, ही काच मी उचललीच नाही,” दादा म्हणाला. “यानेच उचलली. मी नुसता बरोबर चाललो.”

मला असा राग आला म्हणता! “अरे, पास झाला होतास ना? मग तोंड बंद ठेवायला काय धाड भरली होती?” बाईंसमोरच ओरडलो.

बाई काही रागावल्या नाहीत. त्यांनी काचा कापणाऱ्या लंबूला बोलावलं. लंबू स्वतःच्या आईलाही पिशवी धरू लागणार नाही. त्याने तीच काच कडेला धरली आणि दादाबरोबर निघाला. अर्ध्या वाटेत दादाचा चेहरा लालबुंद झाला. माझे पाय आपसूक पुढे गेले, तर बाईंनी माझी बाही धरली.

“टेकव,” दादा म्हणाला. टेकवली. दम घेतला. मग पुन्हा उचलली आणि पोचवली. त्याहून मोठी पुढे आली तेव्हा मात्र त्याने मान हलवली. “ही नाही जमायची अजून.”

“मग झालं तर,” बाई म्हणाल्या. “एवढ्यापर्यंतच्या काचा उचला. त्याहून मोठ्यांचं पुढच्या महिन्यात बघू. पण यांच्याबरोबर नाही हं.” बोट माझ्याकडे! “हे असले तर तुमचा खांदा किती बरा झाला, ते कोणालाच कळणार नाही.”

“अहो बाई, माझी जोडी आहे ती!” मी पुढे सरसावलो.

दादा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. दुखरा हात हळूहळू वर करून त्याने माझ्या मानेवर ठेवला. “अरे वेड्या, तू असलास की मला दुखतच नाही. तोच तर घोळ आहे.”

सोमवारी तो लंबूबरोबर कामाला निघाला. गाडीत काचा चढवायच्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण बघितलं असतं तर धावलो असतो. मागे दोघांची पावलं वाजत होती, एक लांब, एक आखूड, काही मेळ नव्हता. दादाचा ‘टेकव’ ऐकला की मी भिंतीला हात लावून उभा राहायचो. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग ‘उचल’.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी वळलो. अंगण रिकामं होतं. एकही काच राहिली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसलो आणि मनसोक्त रडून घेतलं.